गुडघ्यात स्टील असेल तर विमानाने जाऊच नये का?

कुडाळकर: माझं मत विचाराल तर, पडद्याआड नेऊन अंगभर चाचपणार असतील तर विमानाचं तिकीट काढूच नये. आईच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदलल्यात, म्हणजे यंत्र बोंबलणारच. डिस्चार्ज कार्ड दाखवलं, तरी निऱ्या सोडायला लावल्या. सत्तरी ओलांडलेली बाई परकरावर उभी! आता म्हणते, रात्रभर कोकणकन्येत बसून जाईन, पण विमान नको. बरोबरच आहे तिचं. गिऱ्हाईक तुटल्याशिवाय यांचे डोळे उघडायचे नाहीत.

मालवणी_तडका: काकींबद्दल वाईट वाटलं. पण डोळे उघडणार कोणाचे? तपासणी सीआयएसएफची, म्हणजे केंद्राच्या सुरक्षा दलाची, नियम दिल्लीचे. तुमची सीट विमान कंपनी दुसऱ्याला विकून मोकळी होईल. आणि डिसेंबर १९९९ विसरलात? अपहरणकर्ते काठमांडूहून हत्यारं घेऊनच चढले होते, विमान कंदाहारला नेलं. त्यानंतरच हे दल विमानतळांवर आलं.

राजापूरकरीण: नर्तकी-अभिनेत्री सुधा चंद्रन यांना दरवेळी कृत्रिम पाय काढून दाखवावा लागायचा. २०२१ मध्ये त्यांनी व्हिडिओ टाकून थेट पंतप्रधानांना साद घातली, तेव्हा सीआयएसएफने माफी मागितली. घरी बसून हे झालं असतं का?

कुडाळकर: त्या नामवंत. आमच्या आईचा व्हिडिओ बघणार कोण?

खाडीपलीकडचा: अमेरिकेत २०१० साली थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे घरी जमायच्या सणाच्या आदल्या दिवशी विमानतळावरचा अंग तपासणारा स्कॅनर नाकारायची हाक प्रवाशांना दिली होती. आदल्या नाताळात एकजण चड्डीत स्फोटकं लपवून डेट्रॉइटच्या विमानात चढला, त्यावरून स्कॅनर वाढवले. काहींत कपड्यांआडचं शरीरच दिसायचं. पण नाकारला की हाताने चाचपणी, म्हणजे आगीतून फुफाट्यात. त्या दिवशी फारसं कोणी नाकारलंच नाही, सगळ्यांना घर गाठायचं होतं. ओरड मात्र थांबली नाही. संसदेने खऱ्या शरीराऐवजी नुसती ढोबळ आकृती दाखवायची अट घातली आणि ज्यांना ते जमेना ती यंत्रं २०१३ मध्ये गेली.
 

राजापूरकरीण: कुडाळकर, पुढच्या वेळी रांगेतच सांगा, बंद खोली आणि महिला कर्मचारी हवी म्हणून.

कुडाळकर: खोली होती, महिलाच होती, बोलायलाही नीट होती. राग त्याचाच आहे. सगळं रीतसर होऊनही निऱ्या सुटणार असतील, तर तक्रार करू तरी कशाची?

मालवणी_तडका: रीतीचीच करा, लेखी. नाहीतर चतुर्थीला वेटिंगच्या तिकिटावर, त्या गुडघ्यांनी कोकणकन्येच्या दारात उभं करणार काकींना?

कुडाळकर: लिहितो. तिकीट मात्र रेल्वेचंच काढणार.