पंचनामा झाला की लगेच ‘दिलासा’ कसा काय?

तापीकाठ:
आईला आता बारीक अक्षर दिसत नाही म्हणून रोज सकाळी पेपरचे मथळे मी तिला वाचून दाखवतो. परवा एकाच पेपरात तीनदा दिलासा. पारा 44 वरून 42 वर आला, जळगावकरांना दिलासा. एका पुढाऱ्याला कोर्टाचा दिलासा. वादळात आडव्या झालेल्या केळीचे पंचनामे सुरू, शेतकऱ्यांना दिलासा. आई लगेच म्हणे, पैसा भेटनात का? म्हटलं नाही, तलाठी आणि कृषी सहायक बांधावर येऊन फोटो काढून गेले फक्त. मंग दिलासा कसाना, म्हणे. मला उत्तर देता आलं नाही.

रावेर-यावलकडे ज्याचा बाग झोपला त्याचं वर्षभराचं सगळं जातं हो, खत, ठिबक, मजुरी, सगळं. त्याला पंचनाम्याने दिलासा मिळाला हे ठरवणारे तुम्ही पेपरवाले कोण? पंचनामे सुरू झाले एवढंच लिहा की, बातमी तेवढीच आहे.

रात्रपाळी:
भाऊ, मी पेपरच्या डेस्कवर सात वर्षं काढलीत, म्हणून सांगतो. मथळा दोन कॉलमचा, पान सोडायला दहा मिनिटं, आणि दिलासा हा तीन अक्षरांचा शब्द, सातवीतल्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना कळतो. कोर्टाच्या बातमीत तर ‘अंतरिम दिलासा’ हा कायद्याच्या भाषेतलाच शब्द आहे, तो आम्ही घरी बसून काढलेला नाही. वार्ताहर फोनवर सांगतो, निकालाची प्रत हातात नसते, तेव्हा चुकीचं काही छापण्यापेक्षा दिलासा सेफ.

तापीकाठ:
इथंच तर माझं म्हणणं आहे. अटकेला स्थगिती, जामीन, नाहीतर नुसती पुढची तारीख, तिन्ही वेगळ्या गोष्टी आणि तिन्हीला दिलासा. वाचणाऱ्याला वाटतं माणूस सुटला. नक्की काय झालं ते तुम्हाला माहीत नव्हतं हे त्या शब्दाखाली झाकलं जातं.

गिरणाकाठची:
मला दोघांचंही पूर्ण पटत नाही. दिलासा फारसीतून आलेला शब्द, त्यात दिल आहे, मनाला आधार देणं. आपल्याकडे कोणाकडे मयत झाली की लोक दारावर जातात, बसतात, धीर देतात. गेलेला माणूस परत येत नाही हे सगळ्यांना माहीत असतं तरी त्या बसण्याला किंमत असते. म्हणजे दिलासा हा मुळातच कमीच असतो, भरपाई नसते. मग पंचनाम्याला दिलासा म्हटलं तर शब्द चुकला कुठे? निदान कोणीतरी बांधावर आलं.

तापीकाठ:
ताई, दारावर माणसं येतात ती दिलासा द्यायलाच येतात. तलाठी कामाला येतो, याद्या करायला, आणि यादीत नाव आलं नाही तर पुढचे सहा महिने तहसीलच्या चकरा. आणि कोणाला दिलासा हे तर बघा. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढलं, आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग 31 डिसेंबरपर्यंत वाढवलं. वस्त्रोद्योगाला दिलासा. बरोबर, गिरणीवाल्याला झाला. पण बरोबर त्याच महिन्यांत आपला कापूस घरात यायला लागतो. त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये होता आणि आमच्या गावात व्यापारी सात हजाराच्या आत मागत होता, ओलावा आहे म्हणून. धरणगाव, पारोळा, अमळनेरच्या माणसाने तो मथळा वाचून काय समजायचं? दिलासा नुसता आनंदाने छापला की दुसऱ्या बाजूचा माणूस बातमीतून गायबच होतो.

रात्रपाळी:
कापसाचं मान्य. तिथे मथळ्यात ‘गिरण्यांना’ आलं आणि उपमथळ्यात शेतकरी आला पाहिजे, तेवढी जागा काढता येते, आम्ही काढत नाही हे खरं आहे. पण उन्हाचं मी सोडणार नाही. भुसावळला 45 सोसलेल्या माणसाला विचारा, 42 ला रात्री गच्चीवर झोप लागते.

गिरणाकाठची:
लागते हो, ते खरं आहे.

तापीकाठ:
बरं, उन्हाचं तुमचं ठेवा. पंचनाम्याचं सांगा.

रात्रपाळी:
पंचनाम्याला नाही लावणार मी यापुढे. ‘केळीचे पंचनामे सुरू’, बस. पैसे खात्यात पडले त्या दिवशी हेक्टरी किती तो आकडाच मथळ्यात घेईन. कोर्टाला मात्र लावणार, प्रत हातात आली की दुसऱ्या आवृत्तीत बदलून.