बोटावरची नोंद पुरेशी नाही

रात्रभर बोटाला ऑक्सिमीटर (रक्तातला ऑक्सिजन मोजणारे उपकरण) लावला की स्लीप ॲप्नियाच्या, म्हणजे झोपेत श्वास वारंवार थांबण्याच्या विकाराच्या, संशोधनाला तेवढी नोंद पुरते, असे एक मत आहे; ते मला पटत नाही. श्वास किमान १० सेकंद थांबला की तो ॲप्निया मानतात. पण त्या वेळी छाती-पोटाची हालचाल टिपणारे पट्टे श्वासासाठीची धडपड दाखवत असतील तर अडथळा घशात असतो आणि तेही स्तब्ध असतील तर मेंदूकडूनच आज्ञा आलेली नसते, हा महत्त्वाचा भेद बोटावरून कळत नाही. शिवाय ऑक्सिजन फारसा न घसरताही झोप मोडते, आणि ते मेंदूलहरींच्या आलेखातच स्पष्ट दिसते. कोल्हापुरात माझ्या वडिलांची झोपेची तपासणी झाली तेव्हा नाकाजवळची नळी (घामाने चिकटपट्टी सुटून) पहाटे निसटली आणि पुढची श्वासप्रवाहाची नोंद वाया गेली. छाती-पोटाचे पट्टे जागेवर होते, म्हणूनच उरलेल्या रात्रीचा अंदाज तरी बांधता आला.