बेटकास्टरवर ब्रेड भरलीय, मग पुढं लीडर लागतोच का? (कृष्णा-वारणावाल्यांनी बोला)

हरिपूरचा गळवाला

नव्यांसाठी आधी एक ओळ: बेटकास्टर म्हणजे आडव्या स्पूलचा रील, ब्रेड म्हणजे बारीक धागे विणून केलेला दोरा, लीडर म्हणजे त्याच्या पुढं जोडायचा नायलॉनचा नाहीतर फ्लोरोकार्बनचा (नायलॉनसारखाच, पण जड) तुकडा, ल्यूर म्हणजे नकली आमिष, आणि पाउंड म्हणजे दोरा किती ओढीला तुटतो ते. परवा एका ग्रुपवर एकानं ठोकून दिलं की लीडर-बिडर सगळं यूट्यूबचं फॅड हाय, बेटकास्टरवर ब्रेड भरायची आणि थेट ल्यूरला बांधायची, गाठी जेवढ्या कमी तेवढा ताप कमी. खाली पोरांनी अंगठ्यांचा पाऊस पाडला. तिथं कोण ऐकून घेत नाही म्हणून इथं लिहितोय, पटत नसंल त्यांनी खुशाल भांडा.

माझं म्हणणं, आपल्या पट्ट्यात, म्हणजे डिग्रजच्या बंधाऱ्यापासून खाली हरिपूरच्या संगमापर्यंत, बिनलीडरची ब्रेड टाकणं येडेपणा हाय. मासा दोरा बघतो की नाही हा विषयच बाजूला ठेवा, आपली कृष्णा पावसाळाभर गढूळ, त्यात त्याला काय दिसतंय. विषय आहे दगडाचा. काळा कातळ, त्याच्या धारा, बंधाऱ्याचं काँक्रीट, त्यातनं बाहेर आलेल्या सळ्या, आणि २०१९ आणि २०२१ च्या पुरानं आणून तळाला रुतवलेली झाडं. ब्रेड सरळ ओढीला दणकट असते पण ताणावर असताना धारेला घासली की एकेक धागा जात जात गपकन तुटते. जाड नायलॉन नाहीतर फ्लोरोकार्बन ओरखडे खात का होईना जरा टिकतो, म्हणून पुढचे दीड-दोन फूट ते पाहिजे.

आता दुसरं. ल्यूर अडकला की आपल्याकडं पाण्यात उतरून काढायची सोय नाही, औदुंबर-भिलवडीपासून सांगलीपर्यंत मगरी आहेत हे इथं कुणाला सांगायला नको. म्हणजे काठावरनंच ओढून तोडायचं. ४० पाउंडाची ब्रेड थेट बांधली असंल तर ती कुठं तुटंल त्याचा नेम नाही, कधी गाठीशी, कधी मागच्या गुंत्यात चिरडलेली असंल तिथं, पार रीलच्या तोंडाशी पण. मग पाच-पन्नास मीटर ब्रेड नदीत. पुढं २० पाउंडाचा लीडर असला की घरातल्या फ्यूजसारखा तोच आधी जातो, नदीत राहतो फक्त ल्यूर आणि हातभर दोरा. मी तरी लीडर त्यासाठीच बांधतो, मासा फसवायला नाही.

मरळमास्तर

गळवाले, तुम्ही नदीचं घेऊन बसलाय. आमच्याकडं इस्लामपूर-आष्टा साईडला पाझर तलाव, जुन्या विहिरी, ओढ्याचे डोह, आणि निम्म्या पाण्यावर केंदाळ (जलपर्णी). तिथं फ्रॉगवर (बेडकाच्या आकाराच्या ल्यूरवर) मरळ मारायची तर ५० किंवा ६५ पाउंडाची ब्रेड, थेट फ्रॉगला पालोमर गाठ, विषय संपला. लीडर बांधला की काय होतं सांगतो.

एक तर जोडगाठीवर केंदाळाच्या मुळ्या येऊन बसतात, प्रत्येक खेपेला सोलत बसा. दुसरं म्हणजे ब्रेड केंदाळाचा देठ कापत येते, नायलॉन कापत नाही, तो त्यात अडकून बसतो. फ्लोरो तर पाण्यापेक्षा पावणेदोन पट जड, फ्रॉगचं तोंड खाली ओढतो आणि मग तो डावी-उजवीकडं चालतच नाही. आणि मरळीचं तोंड हाडाचं. फ्रॉगचे गळ अंगाला चिकटून वर असतात, ते दाबून हाडात घुसवायचे तर झटका पूर्ण पोचला पाहिजे. मरळ श्वास घ्यायला वर येते तो बुडबुडा दिसला की पलीकडं टाकायचा आणि वरनं आणायचा, ती घेते आवाजावर आणि हालचालीवर, दोरा बघून विचार करत बसत नाही. घेतल्याबरोबर ती मुळ्यांत घुसायच्या आधी डोकं वर काढून फरफटत आणावी लागते, तिथं २० पाउंडाचा फ्यूज घेऊन काय करू? दिवाळी?

शिवाय बेटकास्टरचं मुख्य दुखणं तुम्ही बोललाच नाही. स्पूलपुढं डावी-उजवीकडं सरकणारं जे बारकं भोक असतं, जोडगाठ त्यातनं जाताना टक् करून थटते, तेवढ्यात स्पूल पुढं पळतं आणि झाला पक्ष्याचा खोपा, म्हणजे दोऱ्याचा गुंता. स्पिनिंगवाल्यांना (त्यांच्या रीलचं स्पूल टाकताना फिरतच नाही) हे कळणार नाही.

हरिपूरचा गळवाला

मास्तर, केंदाळातल्या फ्रॉगला लीडर बांधा असं मी कुठं म्हणलंय? तिथं तुमचंच खरं. पण तुमच्यासारख्यांचं ऐकून पोरं तीच ६५ पाउंडाची थेट ब्रेड घेऊन म्हैसाळच्या बंधाऱ्याखाली क्रँकबेट (ओढला की पाण्याखाली बुडत चालणारा ल्यूर) ओढायला जातात, तिथं भांडण आहे.

गाठ थटायचं म्हणाल तर लीडर एवढा आखूड ठेवायचा की टाकताना जोडगाठ रॉडच्या टोकाच्या बाहेरच लोंबती राहील. दीड-दोन फूट. भोकातनं जायचा प्रश्नच येत नाही.

धोमवाला

वाईकडनं लिहितोय. तुम्हा दोघांचं पाणी गढूळ म्हणून दोघंही एका सुरात म्हणताय की मासा दोरा बघत नाही. थंडीत धोमच्या नाहीतर कण्हेरच्या पाण्यावर या, काठावर उभं राहून तळाचे गोटे दिसतात. पिवळीजर्द ब्रेड ल्यूरच्या नाकापर्यंत गेलेली मला काठावरनं दिसते तर माशाला का दिसू नये? मी फ्लोरोचा लीडर लावतो तो दोन मीटरच्या पुढं, दीड फुटात काय होतंय, ल्यूरच्या मागं हातभर अंतरावर परत पिवळा दोरा आहेच की.

आणि गाठ थटते ती डबल युनी बांधणाऱ्यांची. ती दोन गुंडाळ्यांची जाडजूड गाठ, ती थटणारच. एफजी गाठ शिका. ब्रेड ताणून धरायची, दातात धरा नाहीतर रॉडला अडकवा, आणि लीडर तिच्यावर एकदा वरनं एकदा खालनं असा फिरवत जायचा, पंधरा-वीस वेढे. मग थुंकी लावून दोन्हीकडनं हळूहळू ओढायचं. वेढे आवळत येतात आणि ब्रेडचा रंग एकदम गडद पडतो, तो पडला की समजायचं की बसली. रंग बदलला नाही तर कापा आणि परत बांधा, कारण ती पहिल्या माशालाच सुटणार. त्यावर दोन-चार अर्धगाठी, लीडरचं टोक अगदी घासून कापायचं. यात लीडरला गाठच पडत नाही, ब्रेड नुसती त्याला आवळून धरते, म्हणून बारीक राहते आणि भोकातनं सुळकन जाते. टोक मात्र रीलच्या बाजूला ब्रेडमागं टोचत राहिलं तर परत टक्.

मरळमास्तर

वारं सुटलेलं, हात ओले, उन्हात डोळे दिपलेले आणि काठावर उभं राहून वीस वेढे. घरी पंख्याखाली सगळ्यांना जमतं वो.

धोमवाला

घरनंच बांधून न्यायचं. मी तेच करतो. काठावर तुटलं तर आखूड लीडर, डबल युनी, आणि गाठ टोकाबाहेर, गळवाले म्हणतात तसं.

तंगूस काका

पोरांनो, तुम्ही रोग पण विकत घेताय आणि औषध पण. आधी महाग ब्रेड घ्यायची, मग ती दगडाला तुटते म्हणून पुढं लीडर, लीडर जोडायला अवघड गाठ, गाठ थटते म्हणून अजून वेगळी गाठ. भिलवडीच्या घाटावर आम्ही सगळा जन्म तंगूस वापरला, सरळ नायलॉन, रीलपासून गळापर्यंत एकच, मधे गाठ नाही. दगडाला घासला तर दोन फूट कापून टाकायचं, परत बांधायचं. आणि तो ताणतो म्हणून मासा अचानक पळाला तरी तोंड फाटून गळ निसटत नाही. तुमच्या ब्रेडला ताण म्हणून नाहीच, झटका दिला की सगळा दणका माशाच्या तोंडावर नाहीतर तुमच्या मनगटावर.

बेटकास्टर तर नायलॉनवर जास्त शांत चालतं. गुंता झाला तरी नायलॉनचा बोटांनी सुटतो, ब्रेडचा कात्रीनंच सुटतो.

आणि तुम्ही नदीत सोडलेल्या त्या दोऱ्यात बगळे आणि पाणकावळे अडकतात ते बघितलंय का कधी? ब्रेड कुजत नाही.

हरिपूरचा गळवाला

काका, तुमचा हात आहे म्हणून तंगूस चालतो, पण कुजत तर नायलॉनही नाही, तो मुद्दा दोघांना सारखाच. म्हणूनच म्हणतोय की तुटायचं ते गळाजवळ तुटू द्या, मागं कमीत कमी राहू दे. काठावर पडलेला दोरा दिसला तर गुंडाळून खिशात घाला, मग तो कुणाचाही असो.

ताणाचं म्हणाल तर जवळच्या माशाला तो फायदा आहे हे कबूल, पण समोरच्या कपारीशी, लांबवर मासा लागला की नायलॉन इतका ताणतो की आपण झटका देतो आणि तिकडं गळ हलतच नाही. शिवाय उन्हात रीलवर राहिला की त्याला वळ्या पडतात, सोडला की स्प्रिंगच. म्हणून मागं ब्रेड, पुढं नायलॉन. तुमचा तंगूस आम्ही टाकून दिलेला नाही, तो फक्त पुढं आणलाय.

मरळमास्तर

आता त्या फ्यूजचं बोलू. गळवाले, तुमचा २० पाउंडाचा लीडर झाडाला अडकल्यावर तुटतो तसा मासा लागल्यावर पण तुटतो हे विसरताय. मोठा मासा दोन तिहेरी गळांचा क्रँकबेट तोंडात घेऊन निघून जातो. त्याचं काय? तुमची नदी स्वच्छ राहिली, मासा उपाशी मेला. मी थेट जाड ब्रेडला बांधतो तेव्हा शंभरातल्या बहुतेक माशांची भानगड काठावरच मिटते, आणि झाडाला अडकलं तर बारीक तारेचा गळ सरळ होऊन ल्यूर परत येतो. फांदी पण येते कधीकधी.

हरिपूरचा गळवाला

फांदी येते, बंधाऱ्याची सळी येत नाही. तिथं ६५ पाउंड ओढून ओढून शेवटी तुम्ही काय करता? रीलजवळ कात्री. बरोबर? मग सगळा दोरा नदीत, त्यात ल्यूर आणि आलाच तर अडकलेला मासा पण. आणि त्या ओढाओढीत ब्रेड स्पूलवर आत रुतून बसते ती वेगळीच, पुढच्या खेपेला टाकताना मधेच थांबते आणि नवा ल्यूर हवेत तुटून पलीकडच्या ऊसात.

मासा तोडून जाऊ नये यासाठी रीलला ड्रॅग (ठरावीक ओढीला दोरा सोडणारी पकड) असतो. २० पाउंडाच्या लीडरला ड्रॅग पाच-सहा पाउंडावर लावला तर मासा दोरा घेऊन पळंल, तोडणार नाही. ड्रॅग पार आवळून ठेवणाऱ्याचा कुठलाच दोरा टिकत नाही. आणि हो, अडकल्यावर ब्रेड हाताला गुंडाळून ओढू नका कुणी, बोट कापत जाते. काठीला चार वेढे द्या आणि मागं सरा.

पक्या कराडकर

मधेच बोलतोय सॉरी. मी नवीन आहे, प्रीतिसंगमाच्या वरच्या अंगाला जातो. दुकानदारानं सांगितलं बारीक ब्रेड लांब जाते म्हणून बेटकास्टरवर १५ पाउंडाची भरून दिली. दर दोन खेपांना खोपा होतो, आणि मासा लागला की हँडल फिरतंय, ड्रॅग आवळलाय तरी दोरा येतच नाही, नुसतं गुळगुळीत फिरतंय. रील खराब आहे का? लीडर लावला तर हे थांबेल का?

मरळमास्तर

रील चांगला असणार पक्या. स्पूलला ब्रेड थेट बांधलीय ना? ब्रेड निसरडी, तिचा अख्खा गड्डा स्पूलवर गोल फिरतोय, तुला वाटतंय ड्रॅग सुटतोय. सगळी काढ, तळाला आधी थोडा नायलॉन भर आणि त्याला ब्रेड जोड, नाहीतर इलेक्ट्रिकची टेप एक वेढा मार आणि त्यावर भर. भरताना ओल्या फडक्यात धरून घट्ट भर, ढिली भरली की रुतते.

आणि १५ पाउंडाची ब्रेड बेटकास्टरला नको. ती एवढी बारीक की स्वतःच्याच वेढ्यांत घुसते. ३० च्या खाली जाऊ नको. ३० ची ब्रेड जाडीला साधारण ८ पाउंडाच्या नायलॉनएवढीच असते, म्हणजे लांब जाण्यात फार काय गमवत नाहीस. माझ्या मते ४० घे, हाताळायला बरी पडते.

धोमवाला

+१. आणि खोप्याचं कारण लीडर नाही, रीलच्या बाजूची ती बारकी चकती. ल्यूर लोंबकळता ठेव, अंगठा उचल, ल्यूर सावकाश खाली गेला पाहिजे आणि जमिनीला टेकला की स्पूल तिथंच थांबलं पाहिजे. पळत राहिलं तर चकती आवळ. ल्यूर बदलला की परत लाव. ब्रेक सुरवातीला जास्त ठेव आणि ल्यूर पाण्याला टेकायच्या आधी अंगठा टेकव. वाऱ्याच्या तोंडावर टाकू नको एवढ्यात.

अजून एक, विषय सोडून. वर कोयना अभयारण्याच्या आणि चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतल्या पाण्यात गळ टाकायला जाऊ नका, २०१० पासून तो सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे, ब्रेड असो की तंगूस. बाकी धरणं-तलावांवर मासेमारीचा ठेका ज्या सोसायटीकडं असेल त्यांना विचारूनच बसा. आणि पावसाळ्यात मरळीच्या लालसर पिल्लांचा पुंजका पाण्यावर दिसला तर त्यात फ्रॉग टाकू नका मास्तर, खाली आईबाप राखण करत असतात, ते चिडून घेतात, भुकेनं नाही.

मरळमास्तर

पिल्लांवर मी टाकत नाही, ते दुसऱ्यांना सांगा. लीडरचं मात्र माझं मत बदललेलं नाही. तळ्यात थेट. नदीवर क्रँकबेट ओढायला आलो तर बघू, आणि तेव्हाही ३० पाउंडाचा जाड नायलॉन, तुमचा २० वाला नाही. फ्लोरो तर नाहीच.

तंगूस काका

३० पाउंडाचा नायलॉन म्हणजे तंगूसच की मास्तर. या, घाटावर जागा आहे.

पक्या कराडकर

सगळ्यांना धन्यवाद. टेप मारतो आज. पण मग ही १५ पाउंडाची ब्रेड, अजून कोरीच आहे, तिचं काय करू?

हरिपूरचा गळवाला

स्पिनिंग रील घे, त्याच्यावर भर, तिथं झकास चालते. पुढं लीडर बांधायचा की नाही ते मात्र मास्तरांना विचारू नको.