अतिदक्षता विभागात वडिलांना झोप खरेच लागते का?

प्रश्न : हृदयशस्त्रक्रियेनंतर वडील अतिदक्षता विभागात आहेत. परिचारिकांच्या मते ते रात्री झोपतात, परंतु वडील मात्र डोळ्याला डोळा लागला नाही असे सांगतात. कोणाचे खरे मानावे?

उत्तर १ : दोघांचेही. या विभागात झोपेचे एकूण तास कधीकधी पुरेसे भरतात, पण ती तुकड्यातुकड्यांत लागते, बरीचशी दिवसा होते आणि तिच्यातील गाढ झोपेचा व स्वप्नावस्थेचा भाग फार घटतो. शिवाय नुसते डोळे मिटून पडलेला रुग्णही पाहणाऱ्याला झोपलेला वाटतो. शुद्धीवर असलेल्या रुग्णालाच विचारणारी रिचर्ड्स-कॅम्पबेल प्रश्नावली याचसाठी वापरतात. तिच्यात ० ते १०० च्या पट्टीवर खूण करायची असते.

उत्तर २ : झोपेच्या औषधाचा आग्रह मात्र धरू नये. बेन्झोडायझेपिन गटातील औषधांनी गाढ झोप आणखी कमी होते आणि वयस्कर रुग्णांत भ्रमाचा धोका वाढतो. २०१८ च्या अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांनी आवाज व उजेड कमी करणे, कानात बोळे आणि डोळ्यांवर पट्टी हे उपाय सुचवले आहेत.

प्रश्नकर्ता : बोळे आजच नेतो, पण अलार्मचे काय?

उत्तर १ : ते बंद करता येणार नाहीत. मात्र वेदना नीट आटोक्यात आहे का आणि रक्ततपासणी, अंग पुसणे ही कामे पहाटेऐवजी एकत्र उरकता येतील का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे.