मदत हवी आहे: जुन्या फायर अलार्म रिले पॅनेलचा एंड-ऑफ-लाइन रेझिस्टर (झोनच्या वायरच्या शेवटी जोडायचा) किती ओहमचा?

४ झोनचं (झोन म्हणजे डिटेक्टरची एक वेगळी वायर), रिलेवर चालणारं कन्व्हेन्शनल पॅनेल, २४ व्होल्ट डीसी. लेबल खरवडलेलं, सर्किट डायग्राम नाही. फक्त संग्रहासाठी, इमारतीत बसवायचं नाही.

चारही झोनवर ट्रबलचा (वायर तुटल्याचा) दिवा हटत नाही. बॅटरी काढून करंट लिमिट असलेला पॉवर सप्लाय लावलाय. उघड्या झोन टर्मिनलवर २३.५ व्होल्ट मिळतात. सुपरव्हिजन रिलेची (वायर शाबूत आहे का यावर लक्ष ठेवणाऱ्या) कॉइल १.५ किलोओहम, झोनच्या सिरीजमध्ये. १० किलोओहमवर रिले हलतही नाही. ४.७ वर आर्मेचर (रिलेची हलणारी पट्टी) बोटाने दाबलं तर धरून राहतं, दिवाही जातो. आपणहून मात्र ओढत नाही. २.२ वर थेट अलार्म! कॉन्टॅक्ट साफ केलेत, स्प्रिंगला हात लावलेला नाही.

पोटेन्शिओमीटरने मधली किंमत सापडेलही, पण स्प्रिंग कडक झाली असेल तर ती मूळची नव्हे. मूळ किंमत खात्रीने कशी काढायची?