३५एस प्रमोटरवर मिथिलेशन बसलंय का, कसं ओळखायचं?

प्रश्न: तंबाखूत ३५एस प्रमोटरखाली (प्रमोटर म्हणजे जनुक चालू करणारा डीएनएचा भाग) गस जनुक आहे, चाचणीत निळा रंग देणारं. पहिल्या पिढीत पानं गडद निळी, दुसऱ्या पिढीत त्याच ओळीची बरीच रोपं पांढरी. पीसीआरला जनुक सगळ्यांत दिसतं. टी-डीएनएच्या (रोपात घातलेल्या डीएनएच्या) दोन प्रती आहेत. प्रमोटरवर मिथिलेशन झालंय का, म्हणजे डीएनएच्या सायटोसिनवर मिथाइल गट बसून जनुक गप्प झालंय का, हे बघायला एचपीए-टूने (मिथिलेट जागा न कापणारा विकर) कापून पीसीआर केलं तर पुरे ना?

उत्तर १: नाही पुरणार. एचपीए-टूला फक्त सीसीजीजी दिसतं. वनस्पतीत सायटोसिन (सी) तीन प्रकारच्या क्रमांत मिथिलेट होतं, कंसात ते करणारे विकर: सीजी (राखतो मेट१), सीएचजी (सीएमटी३) आणि सीएचएच (डीआरएम२, सीएमटी२), एच म्हणजे जी सोडून काहीही. आरएनएकडून बसवलेलं मिथिलेशन सीएचएचमध्ये ठळक दिसतं, आणि नेमकं तेच इथे निसटतं.

त्यापेक्षा एमसीआर-बीसी हा विकर वापरा. तो मिथिलेट झालेलाच डीएनए कापतो. एकाच डीएनएच्या दोन नळ्या, एकीत जीटीपी (विकराला ऊर्जा देणारा रेणू) घाला, दुसरीत नको. जीटीपीशिवाय तो कापत नाही, म्हणून तीच तुलना. मग प्रमोटरवर क्यूपीसीआर (प्रमाण मोजणारं पीसीआर). त्याला दोन मिथिलेट जागा लागतात, त्याही किमान ४० बेस अंतरावर. तेव्हा ८० बेसचा तुकडा निवडलात तर निकाल फसवा येईल.

उत्तर २: मिथिलेशन कोडिंग भागावर (प्रथिनाचा संकेत असलेल्या भागावर) सापडलं म्हणून हुरळू नका. जनुकाचा आरएनए बनल्यावर तोडला जात असतानाही ते तिथे येतं आणि लिप्यंतरण (जनुकावरून आरएनए बनणं) चालूच राहतं. प्रमोटरवर असेल तरच लिप्यंतरण बंद पडलं असं धरा. दोन्ही भाग तपासा. प्रती एकमेकींना उलट्या जोडल्यात का तेही बघा. जनुक गप्प करणारा दुहेरी आरएनए तिथूनच निघतो.

उत्तर ३: नेमकी जागा हवी तर डीएनएवर बायसल्फाइटची रासायनिक प्रक्रिया करा. साधा सायटोसिन युरासिल होऊन पीसीआरनंतर टी वाचला जातो, मिथिलेट झालेला सी राहतो. प्राण्यांसाठीचे प्रायमर (पीसीआर सुरू करणारे छोटे डीएनए तुकडे) इथे चालत नाहीत, ते सीजीबाहेरचे सगळे सी बदलले असं गृहीत धरतात. फॉरवर्ड प्रायमरमध्ये सीच्या जागी वाय (सी किंवा टी), रिव्हर्समध्ये जीच्या जागी आर (ए किंवा जी) ठेवा. डीएनए या प्रक्रियेत तुटतो, म्हणून तुकडा ३०० बेसच्या आत. क्लोरोप्लास्टचं एखादं जनुक सोबत घ्याच: त्यात मिथिलेशन नसतं, तरी सी उरले तर रूपांतर अर्धवट झालंय.

प्रश्नकर्ता: प्रती उलट्या जोडलेल्याच आहेत. त्यातली एक प्रत काढता आली तर निळा रंग परत येईल?

उत्तर २: प्रमोटरवर सीजी मिथिलेशन बसलं असेल तर लगेच नाही. दुहेरी आरएनएचा उगम गेला तरी मेट१ प्रत्येक विभाजनात ते नव्या धाग्यावर उतरवतो. पुढच्या पिढीतली रोपं एकेक तपासा.