अनुभव धागा: व्हीएचएस कॅसेट संगणकावर उतरवताना कुठलं कॅप्चर यंत्र काय देतं?

धागाकर्ता

लग्न, मुंज, बारसं, गॅदरिंग. कपाटातल्या या कॅसेट अजून चालतात, पण त्या चालवणारी यंत्रं संपत आली आहेत. व्हीसीआर बनवत राहिलेल्या फुनाई कंपनीनेही जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. म्हणून ज्यांनी हे काम हाताने केलं आहे त्यांनी इथे तपशील द्यावा, ही विनंती.

"मस्त चालतं" एवढ्याने कुणाचंच भागत नाही. व्हीसीआर कोणता, पिवळी पिन की एस-व्हिडिओ (उजेड आणि रंग वेगळे नेणारी केबल), यंत्रातली चिप कोणती, सॉफ्टवेअर कोणतं, तासाभरात किती फ्रेम गळाल्या आणि फाइल केवढी झाली, हे लिहा.

तुलना करायची तर कॅसेट तीच, व्हीसीआर तोच आणि मिनिटही तेच हवं. मिनिट निवडताना तीन गोष्टी बघा. एक, मांडवाचा खांब किंवा दाराची चौकट अशी सरळ उभी रेघ. ती लाटेसारखी हलते का ते कळतं. दोन, कॅमेरा बाजूला फिरतोय असं दृश्य. त्यात फील्ड, म्हणजे एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं, नीट आली आहेत की नाही ते दिसतं. तीन, सनगनच्या उजेडातलं पांढरं उपरणं किंवा शालूची जर. पांढऱ्यातला तपशील जळतो का ते तिथेच समजतं. माझ्या मते शंभरातली ऐंशी भांडणं या एका मिनिटात मिटतात.

ठाण्याहून

ईझीकॅप नावाने मिळणाऱ्या, यूएसबीला लावायच्या डोंगलबद्दल. बाहेरून एकच दिसणाऱ्या डबीत वेगवेगळ्या चिप असतात, म्हणून एकाला चांगला अनुभव येतो आणि दुसऱ्याला वाईट. डबी उघडायची गरज नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये हार्डवेअर आयडी बघा. ०५ई१ असेल तर सिनटेक एसटीके११६०, ईबी१ए असेल तर एम्पिया, १बी७१ म्हणजे फुशीकाई यूटीव्ही००७, आणि १सी८८ म्हणजे सोमॅजिक. चारही चिपना ड्रायव्हर वेगळा लागतो. सोबतच्या सीडीवर भलत्याच चिपचा असला तर पडदा काळाच राहतो आणि लोक डोंगल टाकून देतात. लिनक्सच्या कर्नलमध्ये पहिल्या तीन चिपचे ड्रायव्हर आधीपासूनच आहेत, तेव्हा जुना लॅपटॉप असेल तर आधी त्यावर लावून बघा.

सीडीवरचं सॉफ्टवेअर वापरू नका. ते थेट एमपेग-२ किंवा एमपी४ बनवतं. व्हीएचएसच्या चित्रात सतत बारीक मुंग्या असतात आणि कमी बिटरेटमध्ये त्या मुंग्यांचेच चौकोन होतात. तोच डोंगल व्हर्च्युअलडब या कॅप्चरच्या सॉफ्टवेअरमध्ये वायूवाय२ या न दाबलेल्या स्वरूपात ७२०×५७६ला चालवला की चित्र ओळखू येणार नाही इतकं सुधारतं.

स्वस्त डोंगलचा खरा दोष आवाजात आहे. आवाजाची पातळी ठरलेली असते. सनई-चौघडा किंवा फटाके आले की फाटतो. आवाज संगणकाच्या लाइन-इनला वेगळा दिला तर फाटणं थांबतं, पण मग चित्र आणि आवाज वेगवेगळ्या घड्याळांवर चालतात आणि तीन तासांच्या कॅसेटच्या शेवटी ओठ व शब्द जुळत नाहीत. हे टाळायचं असेल तर वरच्या पायरीचं यंत्र घ्या.

पुण्याहून

तो वरचा पर्याय म्हणजे हॉपॉग यूएसबी-लाइव्ह२. त्यात एस-व्हिडिओ आहे, आवाज आणि चित्र एकाच यंत्रातून येतं आणि फील्ड जशीच्या तशी मिळतात. एल्गाटो व्हिडिओ कॅप्चर वापरायला सोपं आहे, पण ते ६४०×४८०ची एच.२६४ फाइल देतं. पालच्या, म्हणजे आपल्याकडच्या टीव्ही-पद्धतीच्या, ५७६ ओळींतल्या ९६ तिथेच जातात. घरच्यांना फोनवर दाखवायला ठीक. जपून ठेवायची प्रत म्हणून मी ते सुचवणार नाही.

व्हर्च्युअलडब२मधली माझी मांडणी: व्हिडिओ स्टँडर्ड पाल-बी, ७२०×५७६, वायूवाय२, २५ फ्रेम. कॉम्प्रेशन हफवाययूव्ही किंवा लॅगरिथ, दोन्ही चित्र न बिघडवता दाबतात. आवाज ४८००० हर्ट्झ, १६ बिट, बिनदाबाचा. टायमिंगमध्ये 'आवाज-चित्र पुन्हा जुळवू नका' हा पर्याय निवडा.

जागेचा हिशेब आधी करा. काहीच न दाबता ही धार सेकंदाला २०.७ एमबी, म्हणजे तासाला साधारण ७५ जीबी होते. हफवाययूव्हीत ती ३० ते ४० जीबीवर येते. ई-१८०, म्हणजे तीन तासांची कॅसेट पूर्ण भरलेली असेल तर १२० जीबी मोकळे ठेवा. बाहेरची डिस्क फॅट३२ असेल तर फाइल ४ जीबीला अडकते, म्हणून ती आधीच एनटीएफएस करून घ्या. डोंगल हबमध्ये न लावता थेट संगणकाच्या यूएसबी तोंडाला लावा.

कॅप्चर सुरू करण्याआधी हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, लावा. आधी तात्पुरतं क्रॉपिंग करून काळ्या कडा बाजूला काढा, नाहीतर आलेख फसवतो. मग कॅसेटमधल्या सगळ्यात उजळ जागी, म्हणजे बहुतेक अंतरपाट दूर होतो तिथे, थांबून कॉन्ट्रास्ट खाली आणा. पांढरं २३५च्या आत आणि काळं १६च्या वर राहिलं पाहिजे. क्रॉपिंग काढून टाका, मगच रेकॉर्ड करा. एकदा जळालेलं पांढरं नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही.

मिरजेहून

यंत्र कितीही महाग घेतलं तरी उभा खांब हलणारच, हे आधी समजून घेऊ. पालची एक ओळ ६४ मायक्रोसेकंदांची असते. कॅप्चर चिप १३.५ मेगाहर्ट्झच्या ठाम ठेक्यावर प्रत्येक ओळीचे ८६४ नमुने घेते आणि त्यातले ७२० चित्राचे ठेवते. पण टेप ताणलेली असते, टेप वाचणारी हेडं बसवलेला ड्रम किंचित मागेपुढे होतो, त्यामुळे एक ओळ जरा लवकर येते, पुढची जरा उशिरा. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही हे सांभाळून घ्यायचा. चिप सांभाळत नाही. म्हणून टीव्हीवर सरळ दिसणारी चौकट फाइलमध्ये लाटा मारते आणि चित्राचा वरचा भाग झेंड्यासारखा एका बाजूला वाकतो.

यावर उपाय टाइम बेस करेक्टर, म्हणजे टीबीसी. तो दोन प्रकारचा असतो आणि इथेच लोक फसतात. लाइन टीबीसी प्रत्येक ओळ सरळ करतो. काही वरच्या दर्जाच्या एस-व्हीएचएस व्हीसीआरमध्ये तो आतच असतो. फ्रेम टीबीसी पूर्ण फ्रेम साठवून ठरलेल्या वेळी पुढे पाठवतो. त्याने फ्रेम गळणं आणि आवाज सरकणं थांबतं, पण हलणारा खांब सरळ होईलच असं नाही. खांब हलतोय म्हणून फ्रेम टीबीसीवर पैसे घालू नका.

स्वस्तातला मार्ग म्हणजे जुना डीव्हीडी रेकॉर्डर मध्ये लावणे. पॅनासॉनिक डीएमआर-ईएस१० आणि ईएस१५ यासाठी प्रसिद्ध आहेत. व्हीसीआरची पिवळी पिन रेकॉर्डरच्या इनपुटला, रेकॉर्डरचा एस-व्हिडिओ आउट कॅप्चर यंत्राला. रेकॉर्डरमध्ये डिस्क लागत नाही, चित्र फक्त त्यातून जातं. ईएस१५वर लाइन-इन नॉइज रिडक्शन बंद करा, नाहीतर चेहरे मेणासारखे गुळगुळीत होतात. आवाज मात्र व्हीसीआरमधून थेट कॅप्चर यंत्राला द्या.

मी एकाच मिनिटावर तुलना केली तेव्हा साधा डोंगल आणि मध्ये ईएस१५ ही जोडी, स्टुडिओसाठी बनवलेल्या महागड्या कार्डापेक्षा सरस ठरली. असल्या कार्डांना स्थिर सिग्नलची सवय असते. कॅसेटचा डळमळीत सिंक (ओळींची वेळ सांगणारा सिग्नल) मिळाला की ती मधूनच काळ्या फ्रेम देतात.

नाशिकहून

एव्ही टू एचडीएमआय डबी आणि पुढे एचडीएमआय डोंगल, ही जोडी आजकाल सर्रास विकली जाते. घेऊ नका. डबी दोन फील्ड ओबडधोबड एकत्र करते, ४:३चं चित्र १६:९मध्ये ताणते आणि ५०चं ६० करून टाकते. कॅमेरा फिरला की चित्र अडखळतं, ते यामुळेच. ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्येही हाच धोका आहे, कारण ते फील्ड वेगळी ठेवत नाही.

डोंबिवलीहून

डीव्हीचा, म्हणजे जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या व्हिडिओ स्वरूपाचा, मार्ग अजून बाद झालेला नाही. कॅनोपस एडीव्हीसी-११० किंवा एव्ही-इन असलेला मिनीडीव्ही/डिजिटल८ कॅमेरा घ्या. सोनीच्या कॅमेऱ्यात मेनूमधला 'ए/व्ही→डीव्ही आउट' चालू करायचा. पालच्या काही मॉडेलवर इनपुट बंद करून विकलेलं असे, तेव्हा घेण्याआधी मेनू उघडून खात्री करा. फाइल तासाला सुमारे १३ जीबी. चित्र-आवाज कॅमेऱ्यातच एकत्र बांधले जातात, त्यामुळे सरकत नाहीत.

तोटे दोन. पाल डीव्हीत रंग ४:२:० असतो, म्हणजे रंगाचा तपशील उजेडापेक्षा कमी साठवला जातो, आणि मुंग्यांच्या चित्रात दाबल्याचे ठोकळे थोडे दिसतात. पण अमेरिकेतल्या लोकांचा डीव्हीविरोध आपण जसाच्या तसा उचलू नये. त्यांच्या एनटीएससी (तिकडची टीव्ही-पद्धत) डीव्हीत रंग ४:१:१ असल्यामुळे नुकसान जास्त जाणवतं. दुसरा तोटा फायरवायरचा, म्हणजे डीव्ही संगणकात नेणाऱ्या केबलचा. नव्या लॅपटॉपवर ते तोंडच नाही. जुन्या डेस्कटॉपमध्ये कार्ड लावा आणि विंडोज १०वर '१३९४ लेगसी' ड्रायव्हर निवडा.

हाय८/व्हिडिओ८ या कॅमेऱ्यातल्या छोट्या कॅसेटसाठी मात्र, त्या चालवू शकणारा डिजिटल८ कॅमेरा हाच माझा पहिला पर्याय. टीबीसी आतच असतो आणि एका फायरवायर केबलमध्ये काम संपतं.

रत्नागिरीहून

आमच्याकडे यंत्राच्या आधी बुरशीचा प्रश्न येतो. कॅसेट टॉर्चखाली तिरकी धरा आणि खिडकीतून गुंडाळीची कड बघा. कड काळी चकचकीत हवी. पांढरे ठिपके, धागे, किंवा पिठासारखा थर दिसला तर ती कॅसेट व्हीसीआरमध्ये घालायची नाही. पहिल्याच फेरीत हेड भरतं, चित्र जाऊन नुसत्या मुंग्या येतात, आणि तीच बुरशी पुढच्या चांगल्या कॅसेटला लागते.

ओली बुरशी चिकटते, सुकी झडते. म्हणून कॅसेट आधी घट्ट डब्यात सिलिका जेलसोबत काही दिवस ठेवते. हेअर ड्रायर किंवा ऊन नाही, टेप आक्रसते. मग मोकळ्या हवेत, मास्क आणि हातमोजे घालून पाठीमागचे पाच स्क्रू काढायचे. झाकण उचलताच आतला फोटो काढा, कारण रिळांचे ब्रेक आणि त्यांची बारीक स्प्रिंग कुठे होती हे नंतर आठवत नाही. रिळं स्वच्छ रिकाम्या कॅसेटच्या डबीत हलवा. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित ओलं केलेलं, धागे न सुटणारं कापड टेपच्या दोन्ही बाजूंना हलकं धरून ती हाताने सावकाश एका रिळावरून दुसऱ्यावर घ्या. कापडाची जागा सतत बदला. टेप पूर्ण सुकल्यावरच चालवा, तीही या कामापुरत्या वेगळ्या ठेवलेल्या व्हीसीपीवर (फक्त कॅसेट दाखवणाऱ्या यंत्रावर).

हेड साफ करताना इअरबड नको. कापसाचा धागा हेडच्या टोकात अडकून हेड तुटतं. जाड कागदाची पट्टी अल्कोहोलमध्ये भिजवून ड्रमला लावून स्थिर धरा आणि दुसऱ्या हाताने ड्रम फिरवा. पट्टी वर-खाली कधीच करू नका.

आणि कुठलीही कॅसेट लावण्याआधी कडेची प्लॅस्टिकची छोटी पट्टी तोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्ड दाबलं तरी काही पुसलं जाणार नाही.

मडगावहून

आखातातून आलेल्या कॅसेटबद्दल एवढंच. कुवेत, दुबईच्या कॅसेट पालच्याच, वेगळं काही करावं लागत नाही. सौदीत टीव्हीवरून रेकॉर्ड केलेली एखादी कॅसेट काळी-पांढरी दिसली तर ती मी-सेकाम या वेगळ्या रंगपद्धतीची असू शकते. आखातातून आणलेल्या मल्टिसिस्टीम व्हीसीआरवर सिस्टीमचं बटण बदलून बघा.

न्यू जर्सीहून

इकडच्या मराठी घरांत उलटी अडचण असते. भारतातून आलेली लग्नाची कॅसेट पालची, आणि इकडचा व्हीसीआर एनटीएससी. आत रूपांतर करणारा मल्टिसिस्टीम व्हीसीआर चित्र दाखवतो, पण ५० फील्डची ६० करताना हालचाल बिघडते आणि तो बिघाड फाइलमध्ये कायमचा राहतो. त्यापेक्षा भारतातला साधा पाल व्हीसीआर आणा, ११०चे २३० व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर लावा आणि कॅप्चर यंत्र पालवर ठेवा. संगणकाला देश कळत नाही.

अमेरिकेतली कॅसेट भारतात लावणाऱ्यांसाठी: भारतातले बरेच व्हीसीआर ती 'पाल टीव्हीवर एनटीएससी' म्हणून चालवतात. तो सिग्नल पाल-६०, म्हणजे पालचा रंग पण ६० फील्ड, असा असतो. ड्रायव्हरमध्ये पाल-६० नसेल तर चित्र काळं-पांढरं येईल किंवा वर सरकत राहील. त्याला डोंगल जबाबदार नाही.

मिरजेहून, पुन्हा

आवाजात सतत 'हम्म' येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. थांबला तर दोष अर्थिंगचा. मोनो व्हीसीआर असेल तर एकच पिन डाव्या-उजव्या दोन्हीत वाटणारी वाय-केबल लावा.

पुण्याहून, पुन्हा

आता कॅप्चरनंतर फाइलचं काय करायचं ते. मूळ फाइल तशीच ठेवा; जागा हवी असेल तर एफएफव्ही१ या दाबलेल्या स्वरूपात बदला, एक बिंदूही जात नाही. बघायची प्रत वेगळी करा. त्यासाठी एव्हीसिंथ या सॉफ्टवेअरमधलं, फील्डच्या फ्रेम करणारं क्यूटीजीएमसी वापरून ५० फील्डच्या ५० पूर्ण फ्रेम करा. २५ केल्या तर हालचालीचा निम्मा तपशील जातो. फील्डचा क्रम तपासा: यूएसबी कॅप्चरमध्ये सहसा वरचं फील्ड आधी, डीव्हीत नेहमी खालचं. क्रम चुकला तर चालणारा माणूस दोन पावलं पुढे, एक मागे असा थरथरतो. मग दोन्ही बाजूंचे ८-८ बिंदू कापून ७०४×५७६ ठेवा, ७६८×५७६ करा आणि एच.२६४ला सीआरएफ (दर्जाचा आकडा) १८ द्या.

तळाशी सहा-आठ ओळींची फाटकी पट्टी दिसेल. एका हेडकडून दुसऱ्याकडे चित्र जातं ती जागा ती. यंत्राचा किंवा कॅसेटचा दोष नाही, टीव्हीच्या चौकटीमागे ती लपायची. कापून चित्र ताणू नका, फक्त तेवढ्या ओळी काळ्या करा.

ठाण्याहून, पुन्हा

घरची कॅसेट असूनही "कॉपी संरक्षित" असा संदेश येऊन कॅप्चर थांबत असेल तर घाबरू नका. खराब ट्रॅकिंगमधल्या (हेड टेपवरच्या रेघेवर नीट न बसल्याने होणाऱ्या) उजेडाच्या उड्यांना यंत्र मॅक्रोव्हिजन, म्हणजे विकतच्या कॅसेटमधलं कॉपी रोखणारं संरक्षण, समजतं. हेड साफ करा, ट्रॅकिंग हाताने जुळवा, कॅसेट एकदा टोकापर्यंत पुढे आणि परत मागे घ्या. तरीही थांबलं तर दुसरा व्हीसीआर मागून आणा. ज्या कॅमेऱ्यावर शूटिंग झालं त्याच्या हेडच्या कोनाशी एखादाच व्हीसीआर नीट जुळतो.